नैराश्य : गोळी की समुपदेशन?

(वार्षिक संमेलनातील भाषण)



नैराश्य हा आळस नव्हे, आजार आहे. परंतु मुलामुलींचे विवाह अडतील या भीतीने आपण तो झाकून ठेवतो. मधुमेहाची गोळी चारचौघांत घेतो. मनाची मात्र लपवून, किंवा घेतच नाही!

गोळी घ्यावी की समुपदेशन, हा वाद घरी बसून सुटणार नाही. आजाराची तीव्रता पाहून तो डॉक्टरांनीच सोडवावा. सौम्य आजारात समुपदेशन व नियमित व्यायाम पुष्कळदा पुरेसे होतात. गोव्यात आरोग्य केंद्रांतून, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ६ ते ८ बैठकांत केलेल्या समुपदेशनाने तीव्र नैराश्याच्या रुग्णांसही गुण आला. हा प्रयोग २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि तीव्र आजारात औषध व समुपदेशन यांची जोडच बहुधा अधिक हितकर ठरते.

औषधाचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही ते निदान ६ महिने घ्यावे लागते. एकाएकी सोडू नये. योगासने पूरक खरी, पण औषधाच्या जागी नव्हेत.

कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलल्यास त्यास एकटे सोडू नका. १४४१६ या शासकीय क्रमांकावर साहाय्य मिळते. लग्न जुळेल तेव्हा जुळेल. आधी माणूस जगला पाहिजे.