सिस्टीम अ‍ॅडमिन नक्की किती हवेत?

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय. त्याच्या कंपनीत ३०० माणसं, ४० सर्व्हर आणि सिस्टीम अ‍ॅडमिन एकच. मॅनेजमेंट म्हणतं, "सगळं चालतंय ना? मग दुसरा कशाला?"

सगळं चालतंय, कारण तो माणूस गणपतीला गावी गेला तरी लॅपटॉप घेऊन जातो. आरती सुरू असताना फोन आला की ओसरीवर जाऊन बसतो. हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही, म्हणून तो कुणी मोजतही नाही. आज तो मोजूया.

बरेच जण एक तयार आकडा शोधतात. शंभर माणसांमागे एक, पन्नास सर्व्हरमागे एक, असं काहीतरी. पण एकाच स्क्रिप्टने उभे राहणारे ५०० एकसारखे सर्व्हर सांभाळणं एक वेळ सोपं. २० सर्व्हर, प्रत्येकावर वेगळं सॉफ्टवेअर आणि त्यातलं एक लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला, हे खरं अवघड. म्हणून सर्व्हर मोजण्यापेक्षा तास मोजा.

उदाहरणादाखल, आकडे तुम्ही तुमचे घाला. ३०० माणसांच्या महिन्याला ३०० तक्रारी, प्रत्येकी अर्धा तास: १५० तास. ४० सर्व्हरचं पॅचिंग आणि देखभाल, प्रत्येकी दोन तास: ८०. नवीन येणारे, सोडून जाणारे, त्यांची खाती, लॅपटॉप: ३०. नेटवर्क, व्हेंडर, ऑडिट: ६०. बॅकअप नुसता घेणं नाही, तो परत उतरवून तपासणं: २०. एकूण ३४० तास.

आता एका माणसाकडे किती तास असतात? २१ दिवस गुणिले ८, म्हणजे १६८. त्यातून रजा, मीटिंगा, शिकण्याचा वेळ काढला की १३० च्या आसपास उरतात. ३४० भागिले १३० म्हणजे २.६. म्हणजे तीन माणसं, बरोबर?

थांबा. तिघांचे ३९० तास, काम ३४० तासांचं. म्हणजे टीम ८७ टक्के भरलेली. एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या गर्दीचं गणित मांडलं, त्यातून पुढे रांगांचं शास्त्र उभं राहिलं. त्यातलं अगदी साधं गणित असं: खिडकी एकच असेल आणि ती ८० टक्के वेळ व्यग्र असेल, तर एका कामाला जितका वेळ लागतो त्याच्या सरासरी चौपट वेळ रांगेत जातो. ९० टक्के व्यग्र असेल तर नऊपट! खिडक्या वाढल्या की रांग कमी होते, पण शंभराच्या जवळ जाल तशी ती झपाट्याने वाढते, हे बदलत नाही. त्यात तिघांतला एक रजेवर गेला की दोघांच्या अंगावर ३४० तासांचं काम.

गंमत बघा. आपण पॉवर सप्लाय दोन लावतो, डिस्क दोन ठेवतो, इंटरनेटच्या लाइनीही दोन घेतो. एक गेलं तर दुसरं हवं म्हणून. मग माणसाच्याच बाबतीत हा नियम का विसरतो? इथे उत्तर चार आहे. एक जण नसला तरी तिघांत काम बसतं. आणि चौघेही महागडे सीनियर असायची गरज नाही. ते १५० तास पासवर्ड आणि प्रिंटरचे आहेत, ते हेल्पडेस्कचे दोघं सांभाळतील.

पुढचा प्रश्न रात्रीचा. एका खुर्चीवर चोवीस तास कुणीतरी हवं, तर वर्षाला १०९५ शिफ्ट होतात. शनिवार-रविवार आणि महिनाभराच्या सुट्ट्या सोडल्या तर एक माणूस साधारण २३० शिफ्ट करतो. म्हणजे एका खुर्चीला पाच माणसं! गूगलच्या इंजिनियरांनी २०१६ च्या पुस्तकात लिहिलंय, एकाच ठिकाणची टीम असेल आणि दोघं सतत ऑन-कॉल हवे असतील, तर किमान आठ जण लागतात. म्हणजे प्रत्येकाचा महिन्यातला एकच आठवडा फोनपाशी जातो.

आपल्याला आठ परवडणार नाहीत, मान्य. मग शब्द देताना कमी द्या. "रात्री अकरानंतर फक्त प्लांट बंद पडला तरच फोन" हे लिहून, सही करून घ्या. मात्र एक गोष्ट आपल्या हातात नाही. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लॉग कुठे आहेत हे माहीत असलेला एकच माणूस, आणि तो विमानात असेल तर? म्हणून कंपनी कितीही छोटी असो, सगळं माहीत असलेली माणसं किमान दोन. दुसरा पूर्णवेळ नको असेल, तर बाहेरच्या एजन्सीचा ठेवा, पण त्याच्याकडे पासवर्ड आणि कागदपत्रं आजच असू देत.

मॅनेजमेंटला हे पटवायचं कसं? अ‍ॅडमिनला एक आठवडा खरी रजा द्या. फोन बंद, लॅपटॉप ऑफिसात. त्या आठवड्यात काय काय अडलं, किती तास अडलं, किती माणसं हातावर हात ठेवून बसली, सगळं तारखेसकट लिहून ठेवा. ती यादी घेऊन मीटिंगला जा. तिथे "काम खूप आहे" म्हणण्यापेक्षा हा कागद जास्त बोलतो.

तुमच्याकडे हिशोब किती आला, मला नक्की कळवा. आणि तुमच्या ऑफिसातला अ‍ॅडमिन एकटाच असेल, तर हा भाग त्याला नको, त्याच्या साहेबांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!