आधी सावली



कावेरी आणि अरसलार या नद्यांमधलं कुंभकोणम आपल्याला ठाऊक असतं ते देवळांमुळे आणि महामहमच्या तळ्यामुळे. 1899 पासून ते कॅथॉलिक धर्मप्रांताचंही ठाणं आहे. पण मला आज सांगायचं आहे ते तिथल्या पानमळ्यांविषयी.

पानमळा करणारा शेतकरी वेलीपासून सुरुवात करत नाही. आधी तो हादग्याचं बी पेरतो. रोपं उभी राहिली की मग त्यांच्या बुंध्याशी पानवेलीचं बेणं लावायचं. कोवळ्या वेलीला तिकडचं ऊन सोसत नाही. तिला सावली हवी आणि चढायला आधारही. ती वर सरकेल तशी केळीच्या सोपटाने बांधत जायची, तीही सैलसर. पाणी वरचेवर द्यायचं, पण साचू द्यायचं नाही, नाहीतर मुळं कुजतात. पहिलं पान खुडायला काही महिने जातात.

श्रद्धाही अशीच वाढते, असं मी मनापासून मानतो. लूकच्या शुभवर्तमानात येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला दिला आहे. तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. भोवती खणीन, खत घालीन, म्हणतो. पुढे फळ आलं की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. दाखला माळ्याच्या विनवणीपाशी थांबतो.

कुंभकोणमपासून जवळच, तंजावरला, असा एक माळी होऊन गेला. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी 1750 साली भारतात आले आणि परत मायदेशी गेले नाहीत. भोसल्यांच्या घरातल्या पोरक्या सरफोजींना त्यांनी सांभाळलं, शिकवलं, त्यांच्या गादीच्या हक्कासाठी खटपट केली. फेब्रुवारी 1798 मध्ये श्वार्ट्झ वारले. सरफोजी गादीवर बसले ते त्याच वर्षी, पण त्यानंतर. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरी गुरूचं संगमरवरी स्मारक त्यांनी विलायतेतल्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून घडवून घेतलं. श्वार्ट्झ यांचे कष्ट वाया गेले, असं मी कधीच म्हणणार नाही.

तुमच्या मंडळीत कोणी नव्याने विश्वासात आलं असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे: त्याच्या साक्षीची, सेवेची मोजदाद इतक्यात करू नका. उपासनेला त्याच्या शेजारी बसा. तो आजारी पडला तर घरी जा. त्याच्या शंका पूर्ण ऐकून घ्या आणि उत्तराची घाई करू नका.