नरसी-औंढ्याच्या मुलखात संत ऑगस्टीन



हिंगोलीच्या स्वागतसमितीच्या वतीने मी आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. आद्य ख्रिस्ती विचार आणि त्याचा मध्ययुगावरील प्रभाव हा परिषदेचा विषय जाहीर झाला, तेव्हा रोम, मिलान आणि कार्थेज या नगरांशी निगडित असलेल्या या चर्चेसाठी, १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली राहिलेला आणि १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा निघालेला आमचा हळदीचा जिल्हाच का निवडला, अशी पृच्छा पुष्कळांनी केली. तिचे उत्तर देणे हे मी माझे पहिले कर्तव्य समजतो.

येथून जवळच नरसी हे नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून मानले गेलेले गाव आहे, आणि याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने मस्तके तपासली, नामदेवांचे मडके कच्चे ठरले, आणि ज्याच्याशी विठ्ठल प्रत्यक्ष बोलतो अशी ख्याती असलेला तो भक्त मानभंगाने व्यथित होऊन गुरूच्या शोधात औंढ्याला आला, ही कथा आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहे. देवळात विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी संतापून पाय काढण्यास सांगितले, तेव्हा त्या वृद्धाने एवढेच म्हटले की, बाबा, मी थकलो आहे, जिथे देव नाही अशा जागी माझे पाय तूच उचलून ठेव. आणि नामदेव पाय जिथे जिथे नेत गेले, तिथे तिथे पिंडी उभी राहिली.

आता आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याकडे चला. तागास्ते या गावी ३५४ साली जन्मलेला, वक्तृत्वशास्त्राचा नामांकित अध्यापक, ३८६ साली मिलानच्या एका बागेत ज्याचे अंतःकरण पालटले आणि जो पुढे हिप्पोचा बिशप झाला, त्या ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या प्रारंभीच असा प्रश्न घातला आहे की, ज्याने आकाश आणि पृथ्वी व्यापली आहे, त्या परमेश्वराला मी माझ्यात ये म्हणून हाक मारावी तर तो येणार कोठून, आणि तो जिथे नाही असा माझा कोणता भाग शिल्लक आहे? प्रश्न विसोबांचाच आहे. आठ-नऊ शतकांचे आणि दोन खंडांचे अंतर ओलांडून तो येथे कोणी आणून पोचवला नाही. दोन्ही ठिकाणी तो स्वतंत्रपणे उगवला, आणि माझ्या मते हीच गोष्ट अधिक मोलाची आहे. सोळाव्या वर्षी सोबत्यांसह शेजारच्या झाडाची पेअरची फळे चोरली, भूक नसताना चोरली, आणि बहुतेक डुकरांपुढे टाकली, एवढ्याशा अपराधाची तो चाळिशी ओलांडल्यावर परमेश्वरासमोर उकल करीत बसतो, ते वाचताना विठ्ठलाशी आपले सारे गाऱ्हाणे उघडपणे बोलणाऱ्या नामदेवांची आठवण मराठी माणसाला झाल्यावाचून राहत नाही.

४१० साली गॉथांनी रोम लुटले, आणि जुन्या देवतांना सोडल्याचे हे फळ आहे असा आरोप ख्रिस्तीजनांवर आला. त्याच्या उत्तरादाखल ४१३ ते ४२६ या काळात ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ हा बावीस खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, आणि कोटकिल्ल्यांची नगरे पडतात पण ईश्वरप्रीतीवर उभारलेले नगर पडत नाही, असे प्रतिपादिले. नामदेवांच्या ऐन तारुण्यात, १२९६ साली, देवगिरीवर अशीच आपत्ती कोसळली होती, हे मराठवाड्याने विसरू नये. मठवासी लेखकांनी ऑगस्टीनचा हा ग्रंथ नकलून राखला. शार्लमेन बादशहाच्या भोजनप्रसंगी तो वाचला जाई. परंतु मध्ययुगाने ऑगस्टीनकडून आणखी एक दप्तर घेतले, आणि तेही येथे उघडले पाहिजे. आफ्रिकेतील चर्चपासून फुटलेल्या दोनातुसपंथीयांशी झालेल्या वादात, चुकलेल्यांना सत्तेच्या बळाने परत आणणे उचित आहे, असे मत त्याने अखेरीस स्वीकारले, आणि पुढील शतकांत धर्मन्यायासनांना त्याचा आधार मिळाला. अंतर्यामी ईश्वर शोधणाऱ्याच्या लेखणीतून हे उतरावे, याची खंत मला वाटते. भक्तीने ही गोष्ट झाकू नये आणि द्वेषाने तिचा विपर्यास करू नये.

ख्रिस्ती परंपरेच्या या दोन्ही धारा, ईश्वराचा अंतर्मुख शोध आणि सत्तेची सक्ती, आपल्या किनाऱ्याला लागल्या. सहाव्या शतकात कॉस्मास या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नमूद केले आहे, आणि ते स्थळ म्हणजे आपले कल्याण असे पुष्कळ विद्वान मानतात. १३२१ साली, म्हणजे नामदेव हयात असताना, ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधूंचा वध झाला. गोव्यात १५६० साली धर्मन्यायासन बसले. आणि त्याच गोव्यात, १५७९ साली येऊन पोचलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीला हात घातला. ज्ञानदेवांनी आणि एकनाथांनी मळलेल्या त्या वाटेने त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ नेले, आणि १६१६ साली ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. लॅटिन आचार्यांचा विचार मराठी श्रोत्यांपुढे असा पुराणाच्या बैठकीवर येऊन बसला. १६८४ साली मात्र पोर्तुगीज अंमलाने लोकभाषांविरुद्ध फर्मान काढले. एकाच परंपरेने मायबोलीचा आदरही केला आणि तिला मनाईही केली. या दोहोंचा समग्र विचार मराठीतूनच व्हावा, अशी समितीची इच्छा आहे.

म्हणूनच निबंधवाचनाइतकाच वेळ आम्ही चर्चेसाठी राखून ठेवला आहे, आणि पाहुण्यांनी मतभेद मांडताना संकोच करू नये, अशी विनंती आहे. निवासाच्या व भोजनाच्या व्यवस्थेत काही उणे आढळल्यास कार्यकर्त्यांना हक्काने सांगावे. नरसी व औंढा येथे जाण्यासाठी परवा सकाळी वाहनांची सोय केली आहे. इच्छुकांनी आज सायंकाळपर्यंत कार्यालयात नावे नोंदवावीत. आता उद्घाटक महोदयांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी मी त्यांना सादर प्रार्थना करतो.