दाखला कोणाचा, किल्ली कोणाकडे?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



पारितोषिक समारंभाला आलेल्या पाहुण्याने मेहनत करा, आईबापांचे नाव काढा असे सांगावे, हा रिवाज आहे. ते सर्व मी सांगितले असे समजा. आज मला तुमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीविषयी बोलावयाचे आहे. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड हे सारे जिच्यात जपून ठेवलेले असते, ती पेटी.

मागे एकदा एस. टी. स्टँडवर मी शेंगदाण्यांची पुडी घेतली. दाणे संपल्यावर पुडी उलगडून पाहतो तो काय, एका मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स! तिचे नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मगाव, जन्मतारीख, सारे स्वच्छ वाचता येत होते. आपले वय दाखविण्यासाठी तिने ती प्रत कोठेतरी दिली असावी. काम झाले आणि कागद रद्दीत गेला. मी तो बारीक फाडून टाकला, पण गोष्ट मनातून गेली नाही.

विचार करा. तपासणाऱ्याला हवे काय होते? मुलगी अठरा वर्षांची आहे की नाही, एवढेच. आणि तिला द्यावे काय लागले? सगळा जन्मलेख! तुम्ही म्हणाल, त्यात लपविण्यासारखे काय आहे? आपल्या नावावरूनच सारे कळते. पण लपविणे निराळे आणि गरजेपुरतेच सांगणे निराळे. आपण घराला दार लावतो ते काही चोरीचा माल दडविण्यासाठी नव्हे. खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. हा हक्क मोठ्या शहरातल्या साहेबाइतकाच त्या पुडीतल्या मुलीचाही आहे.

आता कागदाची जागा मोबाईल घेत आहे. आधारचा पहिला क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आला. २०१५ साली डिजिलॉकर आले. सोय झाली, हे नाकारून चालणार नाही. परंतु ओळख पटविण्यासाठी दर वेळी एखाद्या मध्यवर्ती नोंदवहीला विचारावे लागत असेल, तर आपण कोणत्या दिवशी कोठे ओळख दाखविली याची नोंदही तेथे होऊ शकते. म्हणून संगणकशास्त्रात दुसरा एक मार्ग शोधला गेला. त्याला विकेंद्रित ओळख म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट समजण्यासारखी आहे.

यात तिघे जण असतात. दाखला देणारा, तो बाळगणारा आणि तो तपासणारा. समजा, शाळेकडे दोन किल्ल्या आहेत. किल्ली म्हणजे येथे एक फार मोठी संख्या. एक किल्ली गुप्त, ती शाळेपाशीच राहते. तिने शाळा दाखल्यावर मोहोर उठविते. दुसरी उघड, ती जगजाहीर असते. तिने कोणीही ती मोहोर खरी की खोटी ते ताडून पाहू शकतो. दाखल्यातले एक अक्षर बदलले तरी मोहोर जुळत नाही. या दोन किल्ल्यांची कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली मांडली. तपासणाऱ्याजवळ उघड किल्ली असली म्हणजे मोहोर पडताळण्यासाठी शाळेला फोन करावा लागत नाही. तुम्ही दाखला कोणाला दाखविला, हे शाळेलाही कळत नाही.

आता पुढचे पाऊल. दाखल्यातली प्रत्येक नोंद वेगळ्या बंद पाकिटात घातली आहे आणि सर्व पाकिटांच्या खुणा एका पानावर लिहून त्या पानावर मोहोर उठविली आहे, असे समजा. तपासणाऱ्याला तुम्ही ते पान देता आणि जन्मतारखेचे एकच पाकीट उघडता. बाकीची मिटलेलीच राहतात. याहून पुढे जाऊन जन्मतारीखही न सांगता "अठरा पूर्ण" एवढेच सिद्ध करता येते. गुपित न उघडता ते आपल्याला ठाऊक आहे हे पटविण्याची गणिती रीत शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ साली मांडली. यांतल्या गोल्डवासर या स्त्री आहेत, हे आमच्या मुलींनी लक्षात ठेवावे. त्यांना आणि मिकाली यांना २०१२ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

शिवाय बाळगणाऱ्याच्या मोबाईलमध्येही त्याची स्वतःची गुप्त किल्ली असते. दर वेळी नवा प्रश्न येतो आणि तिने त्याचे उत्तर द्यावे लागते. त्यामुळे दाखल्याची नुसती नक्कल दुसऱ्याच्या हाती पडली तरी ती वापरून त्याला तुमच्या नावाने मिरविता येत नाही.

हे केवळ पुस्तकी नाही. अशा दाखल्यांचे मानक वेबची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केले. स्वित्झर्लंडमध्ये तर यावर दोनदा जनमत घेतले गेले. ७ मार्च २०२१ रोजी लोकांपुढे जो कायदा आला, त्यात ही ओळखपत्रे खासगी कंपन्यांनी पुरवावयाची होती. सुमारे ६४ टक्के मतदारांनी तो फेटाळला. सरकारने आराखडा बदलला. ओळखपत्र शासन देईल, ते नागरिकाच्याच मोबाईलमध्ये राहील, आणि घेणे न घेणे ऐच्छिक असेल, असे ठरले. २८ सप्टेंबर २०२५ रोजी तो कायदा ५०.४ टक्के मतांनी, म्हणजे जेमतेम, मंजूर झाला. लोकांनी यंत्राला नकार दिला नव्हता. किल्ली कोणाकडे, हे विचारले होते.

मात्र यंत्रावर सगळा भार टाकू नका. एकाच घरात बापाच्या कागदावर महंमद, मुलाच्या कागदावर मोहम्मद आणि रेशनकार्डावर मुहंमद, हे आपल्याकडे नवे नाही. चुकीच्या नोंदीवर पक्की मोहोर बसली, तर चूकच पक्की होते. तेव्हा पालकहो, मुलाचे नाव शाळेत घालताना दोन मिनिटे जास्त द्या आणि अक्षर न् अक्षर वाचून मग सही करा. दुसरे, घरात मोबाईल एक आणि तो भावाच्या खिशात, अशी स्थिती असेल, तर मुलीच्या दाखल्याची किल्ली तिच्या हाती आली असे म्हणता येणार नाही. तिसरे, मोबाईल हरवला, बिघडला तर काय, याची तजवीज आणि कागदाचा पर्याय असलाच पाहिजे. आणि समोरच्याने सगळीच पाकिटे उघडण्याचा हट्ट धरला, तर तेथे गणित चालत नाही, कायदा लागतो.

हे सर्व येईल तेव्हा येईल. तोवर आज करता येण्याजोगे सांगतो. आधारची प्रत द्यावयाची झाल्यास, चालत असेल तेथे, फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत द्या. झेरॉक्सवर कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते पेनाने लिहा. झेरॉक्सच्या दुकानातली बिघडलेली प्रत तेथेच टाकू नका. आणि कोणी कागद मागितला तर अदबीने विचारा, "साहेब, यातली कोणती नोंद आपल्याला हवी आहे?"

दुसऱ्याचा कागद आपल्या हाती येतो ती अमानत असते. आज बक्षीस घेणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी उद्या कचेरीत, बँकेत, शाळेत टेबलाच्या पलीकडे बसेल. तेव्हा त्याने नको असलेला कागद मागू नये आणि मागून घेतलेला कागद रद्दीत जाऊ देऊ नये. त्या पुडीतल्या मुलीच्या वतीने आपल्याला माझे एवढेच मागणे आहे.