बालकांच्या हातांना काम द्या
(व्याख्यानाचा मजकूर)



पहिली-दुसरीच्या वर्गांतील ‘प्रकल्प’ हा शब्द आता घरोघरी परिचित झाला आहे. शाळेची सूचना येते, दुकानातून पुठ्ठा, चमकीचा कागद आणि चित्रांचे तक्ते येतात. रात्री आई कापते, वडील चिकटवतात आणि सहा वर्षांचे मूल तोवर झोपी गेलेले असते. दुसऱ्या दिवशी शाबासकी त्या मुलाला मिळते. परंतु ती आपली नव्हे, हे सर्वांत आधी त्यालाच उमगते. आपल्या हाताला येते ते पुरेसे चांगले नाही, असा समज त्या कोवळ्या मनात रुजतो.

हस्तकला हा शिक्षणाचा अलंकार नसून पाया आहे, हा विचार जुना आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था स्थापिली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. कागदाच्या घड्या, मातीकाम आणि पट्ट्यांचे विणकाम यांना तेथे मानाचे स्थान होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने हे कार्य आदिवासी बालकांपर्यंत नेले. महागड्या साधनांची जागा तेथे शंख-शिंपले, खडे, पाने आणि बिया यांनी घेतली.

फ्रोबेल यांच्या काळापासून चालत आलेले कागदी विणकाम उदाहरणादाखल पाहावे. चौकोनी कागद मधोमध दुमडावा आणि घडीच्या बाजूने समान अंतरावर चिरा द्याव्यात. कडेला मात्र एक बोट जागा सोडावी. कागद उलगडला की उभा ताणा तयार होतो. दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या हा त्याचा बाणा. पहिली पट्टी वरून-खालून ओवावी, दुसरी खालून-वरून. दुसरीही पहिलीसारखीच ओवली, तर चौकटी पडत नाहीत. चूक कोणी सांगावी लागत नाही. कागदच ती दाखवितो. मूल पट्टी काढते, पुन्हा ओवते. सम-विषमाची ओळख, बोटांचा नेमकेपणा आणि धीर, हे तिन्ही त्या अर्ध्या तासात मिळते. अंगावरचे सुती कापडही असेच विणलेले आहे, हे भिंगातून दाखविले तर मुलांचे डोळे विस्फारतात.

साहित्यासाठी मोठा खर्च नको. शिंप्याकडील कात्रणे आणि घरी शिजविलेली मैद्याची खळ यांतून चित्र साकारते. मलमल, खादी आणि खण यांचा पोत बोटांना कळतो. जून झालेली भेंडी आडवी चिरून रंगात बुडविली की फुलाचा ठसा उमटतो. शाडूची माती वाळली तरी भिजवून पुन्हा मळता येते, म्हणून बिघडण्याचे भय उरत नाही. हळदीच्या पाण्याने रंगवून वाळविलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने रेघ ओढली, तर ती तांबडी होते. कलेच्या तासातच विज्ञानाचा असा प्रवेश होतो. बोथट टोकाची कात्री आणि जवळ बसलेले एक मोठे माणूस, एवढी दक्षता मात्र हवी.

त्या मोठ्या माणसाचे काम कठीण आहे. कारण त्याने हात आवरायचा असतो. वाकडी कड सरळ करू नये. ‘हे काय काढलेस?’ असे विचारण्याऐवजी ‘याविषयी सांग’ असे म्हणावे. निळा आंबा चुकीचा ठरवू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा मानून खेळ व कृती यांवर भर दिला आहे. तथापि धोरण घरात उतरते ते पालकांच्या हातून. म्हणून बालकांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरेल, तेव्हा प्रत्येक कामाखाली नाव आणि वय एवढेच असावे, क्रमांक नसावेत. डाग, सुरकुत्या आणि निसटलेल्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात. ‘हे मी केले’ असे बालकाला निःशंकपणे म्हणता आले, म्हणजे प्रदर्शनाचे सार्थक झाले.