विकास शुल्क भरले, नळ कुठे आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सातारा-देवळाई भागातल्या एखाद्या नव्या इमारतीसमोर सकाळी उभे राहा. आधी दूधवाला येतो, मागोमाग पाण्याचा टँकर. घराचा हप्ता बँकेला आणि टँकरचे पैसे सोसायटीला. ‘घर घेताना सगळे भरले, मग नळ कुठे आहे?’ असे तिथला माणूस विचारतो, आणि त्याचे काही चूक नाही.

बांधकाम परवानगी घेताना विकसकाला महापालिकेकडे विकास शुल्क भरावे लागते. १९६६ च्या नगररचना कायद्यात १९९२ साली त्यासाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. निवासी इमारतीला रेडीरेकनरमधील जमिनीच्या दराने भूखंडावर अर्धा टक्का, बांधकामावर दोन टक्के. समजा दर चौरस मीटरला दहा हजार रुपये आहे. शंभर चौरस मीटरच्या घरामागे बांधकामाचे शुल्क झाले वीस हजार. अशा शंभर घरांचे वीस लाख. त्यात जवळपासची ड्रेनेज लाइन कदाचित होईल, पैठणहून येणारी जलवाहिनी होणार नाही. तिच्या योजनेचे भूमिपूजन २०२० मध्ये १,६८० कोटींवर झाले आणि पुढे खर्च २,७०० कोटींपलीकडे गेला. तो भार राज्य आणि केंद्रानेच उचलायचा.

या शहराला आधी सोय, मग वस्ती ही रीत नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर आणली ती याच विचाराने. सिडकोनेही रस्ते, नळ, ड्रेनेज टाकून प्लॉट विकले. खर्च किमतीतच धरलेला. २००६ साली ती वसाहत महापालिकेकडे आली.

गुंठेवारीत सगळे उलटे झाले. शेताचे तुकडे पाडले, बाँडपेपरवर विकले. विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला. रस्त्याला जागा नाही, नाल्याला उतार नाही. २००१ साली कायदा करून अशी घरे नियमित करण्याची सोय झाली, २०२१ मध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून दिली. म्हणजे जे शुल्क विकणाऱ्याने पहिल्या दिवशी द्यायचे, ते रिक्षावाल्याने, गिरणी कामगाराने वीस वर्षांनी भरायचे. आणि घरे उभी राहिल्यावर रस्ता रुंद करायचा तर कुणाचा तरी ओटा तोडावाच लागतो.

बिल्डर म्हणतात, शुल्क वाढवले तर शेवटी ग्राहकाच्याच माथी. खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. शुल्क आधीपासून ठरलेले असेल तर जमीन घेतानाच हिशेब होतो, आणि थोडा भार जमीनमालकाच्या वाट्याला जातो. शुल्क नसले तरी ग्राहक सुटत नाही. तो टँकरवाल्याला देतो, आणि त्याची पावतीही मिळत नाही.

मला खरी अडचण दरापेक्षा हिशेबाची वाटते. विकास शुल्काचा निधी वेगळा ठेवावा आणि नागरी सुविधांसाठीच वापरावा, असे कायदाच सांगतो. आपल्या वॉर्डातून किती जमा झाले, किती तिथेच खर्चले, हे वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर दरवर्षी लावायला काय हरकत आहे?

तुम्ही फ्लॅट पाहायला जाल तेव्हा नमुना फ्लॅटमधली टाइल्स जरूर पाहा. पण आधी विकास शुल्काची पावती मागा, आणि महापालिकेची जलवाहिनी गेटपासून किती मीटरवर आहे ते विचारा. उत्तर मिळाले की चालत जाऊन पाहून या.