वाट शोधण्याचा खेळ



आपल्याकडे खेड्यापाड्यांतून एक समजूत फार जुनी आहे. रात्रीं-अपरात्रीं रानांतून जाणाऱ्या वाटसरूस कधीं कधीं 'चकवा' लागतो. आपण सरळ चाललों आहों असें त्यास वाटत असतें. परंतु तासभर पायपीट करून पाहतो तों ज्या वडाखालून निघाला त्याच वडाखालीं येऊन ठेपलेला! जुनीं माणसें हें एखाद्या पिशाचाचें काम मानीत. या चकव्याची शास्त्रीय परीक्षाहि झालेली आहे. २००९ सालीं जर्मनींतील संशोधकांनीं कांहीं लोकांस एका विस्तीर्ण, सपाट अरण्यांत नेऊन सरळ रेषेंत चालावयास सांगितलें. सूर्य दिसत होता तोंवर त्यांची चाल बरीच सरळ राहिली. आकाश ढगांनीं झांकलेलें असतां मात्र तीं माणसें वळत वळत आपलीच वाट पुन्हां ओलांडूं लागलीं, आणि त्यांस त्याचा पत्ताहि नव्हता. तात्पर्य, चकवा वडावर बसलेला नसतो. बाहेरची एखादी खूण धरल्यावांचून मनुष्यास सरळ चालतांच येत नाहीं.

या मानवी उणिवेवर मात करण्याच्या विद्येचा युरोपच्या उत्तरेकडील देशांनीं एक सुंदर खेळ बनविला आहे. त्याचें नांव ओरिएंटिअरिंग. ज्या लॅटिन शब्दापासून हें नांव निघालें त्याचा अर्थ उगवता सूर्य, अर्थात् पूर्व दिशा. उगवत कोणती आणि मावळत कोणती हें ज्यास ठाऊक आहे तो दिङ्मूढ होत नाहीं, हाच त्या नांवांतील भाव. आपण त्यास सोयीसाठीं 'दिशाशोध' म्हणूं. जगांत लक्षावधि लोकांनीं आपलासा केलेला हा खेळ आपल्या सुशिक्षित घरांतूनहि फारसा कोणास माहीत नाहीं. म्हणून आज त्याची ओळख करून देण्याचें योजिलें आहे.

खेळाचें स्वरूप असें. स्पर्धकाच्या एका हातांत नकाशा व दुसऱ्या हातांत होकायंत्र. नकाशावर एक त्रिकोण असतो, तें आरंभस्थान. पुढें अनुक्रमांक घातलेलीं वर्तुळें असतात. तीं वाटेंतील ठाणीं. शेवटीं दुहेरी वर्तुळ. तें अंतिम स्थान. प्रत्यक्ष रानांत प्रत्येक ठाण्यावर अर्धें पांढरें व अर्धें नारिंगी असें तीन बाजूंचें एक निशाण टांगलेलें असतें. त्याची प्रत्येक बाजू सुमारें ३० सेंटिमीटर लांबरुंद असते. तेथें पोंचल्याची नोंद स्पर्धक आपल्या पत्रिकेस विशिष्ट छिद्र पाडून, किंवा आतां बहुधा बोटांत अडकविलेल्या लहानशा विद्युत्-साधनानें करतो. सर्व ठाणीं क्रमानें घेऊन जो सर्वांत थोड्या वेळांत परततो तो विजयी. एकानें दुसऱ्याच्या मागोमाग जाऊं नये म्हणून वैयक्तिक शर्यतींत स्पर्धकांस कांहीं मिनिटांच्या अंतरानें सोडतात. एका ठाण्याकडून दुसऱ्या ठाण्याकडे कसें जावयाचें हें मात्र कोणीहि सांगत नाहीं. मध्यें टेकडी आली तर ती चढून जावें, कीं वळसा घालावा? दाट झाडींतून घुसावें, कीं पायवाटेनें लांबून जावें? हा निर्णय ज्याचा त्यानें, धांवतां धांवतां करावयाचा असतो.

या खेळाचे नकाशे हीहि पाहण्यासारखी वस्तु आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे सर्वपरिचित नकाशे १:५०,००० या प्रमाणाचे असतात. म्हणजे नकाशावरील २ सेंटिमीटर हें जमिनीवर १ किलोमीटर. दिशाशोधाचे नकाशे १:१५,००० किंवा १:१०,००० या प्रमाणाचे असतात. दुसऱ्या प्रकारांत १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अवघे १०० मीटर. त्यामुळें एकटा मोठा खडक किंवा लहानसा खड्डाहि त्यांत दाखवितां येतो. चढउतार तपकिरी रेषांनीं, पाणी निळ्या रंगानें, खडक व मनुष्यनिर्मित वस्तु काळ्या रंगानें दर्शवितात. मौज अशी कीं, ज्या रानांतून सुखानें धांवतां येतें तें रान येथें पांढरें असतें, उघडें माळरान पिवळें, आणि हिरवा रंग जितका गडद तितकी झाडी दुर्गम. हिरवें म्हणजे अरण्य असें पाठ केलेल्या आपल्या मुलांस हें नवीन वाटेल. परंतु पायानें प्रवास करणाऱ्याचा प्रश्न 'येथें काय आहे' इतकाच नसून 'येथून जातां येईल काय' हा असतो, आणि नकाशा त्याच प्रश्नाचें उत्तर देतो.

आतां थोडा इतिहास. 'ओरिएंटिअरिंग' या अर्थाचा स्वीडिश शब्द १८८६ च्या सुमारास तेथील लष्करी शिक्षणांत रूढ झाला. अपरिचित मुलखांतून नकाशा व होकायंत्र यांच्या साह्यानें जाणें, असा त्याचा अर्थ होता. सामान्य नागरिकांस खुली अशी पहिली स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजीं नॉर्वेची राजधानी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, या शहराजवळ झाली. परंतु या खेळाचे जनक म्हणून मान मिळाला तो स्वीडनचे मेजर अर्न्स्ट किलांडर यांस. हे बालवीर चळवळींतले कार्यकर्ते होते. मैदानी धांवण्यांतील तरुणांचा उत्साह ओसरत चालला आहे हें त्यांस दिसत होतें. तेव्हां त्यांनीं तरुणांस दोष देत न बसतां शर्यतच मैदानांतून उचलून रानांत नेली. २५ मार्च १९१९ रोजीं स्टॉकहोमच्या दक्षिणेस त्यांनीं भरविलेल्या स्पर्धेंत दोनशेंहून अधिक लोकांनीं भाग घेतला, आणि तेथून हा खेळ पसरत गेला. १९३० नंतरच्या दशकांत शेलस्ट्रॉम बंधूंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पारदर्शक पट्टीवर बसविलेलें, द्रव भरलेलें होकायंत्र प्रचारांत आणलें. त्याचा कांटा लवकर स्थिर होई. त्यामुळें धांवणाऱ्यास फार वेळ थांबावें लागेना. १९६१ सालीं दहा देशांनीं कोपनहेगन येथें आंतरराष्ट्रीय संघ स्थापिला. १९६६ सालीं फिनलंडमध्यें पहिली जागतिक स्पर्धा झाली. आणि १९७७ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें या खेळास मान्यता दिली.

फिनलंडमध्यें १९४९ पासून 'युकोला' नांवाची एक शर्यत होते. आलेक्सिस किवी या लेखकाच्या सात भावांवरील प्रसिद्ध कादंबरींत त्या भावांचें जें घर आहे त्याचेंच हें नांव. म्हणून प्रत्येक संघांत सात गडी. जून महिन्यांतील एका रात्रीं पहिला गडी निघतो, तो परतला कीं दुसरा, आणि असें करतां करतां सातवा गडी सकाळीं परत येतो. रानांत हजारों दिवे हलत आहेत, आणि प्रत्येक दिव्यामागें स्वतःच्या बुद्धीनें वाट काढणारा एक मनुष्य आहे, हें दृश्य केवढें मनोहर असेल! स्वीडनमध्यें १९६५ पासून पांच दिवसांचा मेळा भरतो. त्यांत शाळकरी नातवंडें आणि त्यांचे आजोबा आपापल्या वयोगटांत धांवतात.

मग असा खेळ जगांत इतरत्र फुटबॉलसारखा सर्वतोमुखीं कां झाला नाहीं? कारण उघड आहे. हा खेळ दिसत नाहीं. क्रिकेटचा सामना हजारों लोक एका जागीं बसून पाहतात. दिशाशोधाचा गडी मात्र निघाल्यावर मिनिटाभरांत झाडींत नाहींसा होतो. अलीकडे गड्यांच्या अंगावर लहान यंत्रें बांधून त्यांची वाटचाल पडद्यावर दाखवितात; शहरांच्या गल्ल्यांतून लहान पल्ल्याच्या शर्यतीहि होतात. २००१ सालीं अशा शर्यतीस जागतिक स्पर्धेंत स्थान मिळालें. व्हेनिसच्या अरुंद बोळांतून व पुलांवरून होणारी शर्यत तर प्रसिद्धच आहे. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय संघानें 'जागतिक दिशाशोध दिन' सुरू केला. त्या निमित्तानें निरनिराळ्या देशांतील शाळांतून मुलांस नकाशा हातीं देऊन धांवावयास लावतात. परंतु या खेळाचा खरा प्रसार जाहिरातीनें झालेला नाहीं. स्वीडनच्या शाळांत नकाशा घेऊन वाट काढणें हा शारीरिक शिक्षणाचा भाग आहे. अनेक गांवांच्या आसपास तेथील मंडळांनीं कायमचीं ठाणीं रोवून ठेवलीं आहेत. कोणीहि नकाशा घ्यावा आणि आपल्या सवडीनें कुटुंबासह तीं शोधीत हिंडावें. शिवाय तेथें रानांतून, कोणाची हानि न करितां, मुक्तपणें फिरण्याचा प्रत्येकास परंपरेनें आलेला हक्क आहे. आधीं पाय ठेवण्यास भूमि, मग शाळेंत शिक्षण, आणि मग स्पर्धा, असा हा क्रम आहे.

या खेळांत शिकण्यासारखें काय आहे? एकच युक्ति सांगतों. समजा, ओढ्याच्या कांठीं एका ठिकाणीं ठाणें आहे. आपण होकायंत्र लावून नेमका त्याच दिशेनें रोख धरला, तर चालतांना थोडीबहुत चूक होणारच. ओढा लागेल, पण ठाणें दिसणार नाहीं, आणि तें उजवीकडे राहिलें कीं डावीकडे हेंहि कळणार नाहीं. जाणता गडी काय करतो? तो मुद्दाम डावीकडे रोख धरतो. ओढा लागतांच त्यास निश्चित ठाऊक असतें कीं आतां उजवीकडे वळावयाचें. आपल्या हातून किती चूक होऊं शकते हें आधींच ओळखून, तिची सोय करून पाऊल टाकणें, हा धडा पुस्तकांतून शिकविणें किती अवघड आहे हें शिक्षकांस विचारावें!

आतां मुख्य मुद्दा. हें ऐकून अनेक माता-पित्यांच्या मनांत आलें असेल: "एकट्या पोरास रानांत सोडावयाचें? आणि तें हरवलें तर?" ही शंका अगदीं रास्त आहे. म्हणूनच या खेळाचे नियम कडक आहेत. लहानांसाठीं पायवाटांच्या कडेनें जाणारे सोपे मार्ग असतात. शर्यत अर्धवट सोडली तरीहि अंतिम स्थानीं येऊन वर्दी दिलीच पाहिजे. सर्वांची हजेरी लागल्यावांचून संयोजकांनीं रान सोडावयाचें नाहीं. संकटांत सहा वेळां शिटी वाजवावी, मिनिटभर थांबावें, पुन्हां सहा वेळां वाजवावी. आणि जखमी गडी दिसल्यास स्वतःची शर्यत सोडून त्यास साह्य करणें हें प्रत्येकाचें कर्तव्य आहे. हा नियम केवळ कागदावरचा नव्हे. २००९ सालीं हंगेरींतील जागतिक स्पर्धेंत, सांघिक शर्यतीच्या अखेरच्या फेरींत, स्वीडनचा मार्टिन योहान्सन याच्या मांडींत लाकडाची काटकी खोल घुसली. फ्रान्सचा थिएरी जॉर्जिऊ, नॉर्वेचा आन्दर्स नूर्डबर्ग आणि चेकोस्लोव्हाकियाच्या फाळणीनंतर झालेल्या चेक प्रजासत्ताकाचा मिखाल स्मोला हे तिघेहि पदकाच्या आशेनें धांवत होते. ते थांबले. जखमीची व्यवस्था लागेपर्यंत ते त्याच्याच कामीं लागले, आणि तिन्ही देशांचीं पदकें हुकलीं. त्या झाडींत त्यांस पाहणारे प्रेक्षक नव्हते, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

उलटपक्षीं, मुलांस कधींच एकटें न सोडण्यांतहि धोका आहे, आणि तो आपणांस दिसत नाहीं. खिशांतील मोबाइल फोन 'उजवीकडे वळा, डावीकडे वळा' असें बजावतो आणि आपण निमूटपणें वळतों. तो मुका झाला कीं आपण जागच्या जागीं दिङ्मूढ. अध्यापनाच्या काळांत मी वर्गांत विचारीत असें, "उत्तर दिशा दाखवा." बहुतेक मुलें भिंतीवरील नकाशाच्या वरच्या कडेकडे, म्हणजे छताकडे बोट करीत! नकाशाचें ज्ञान होतें. पण तें पायाखालच्या भूमीशीं जोडलें गेलें नव्हतें.

तर मग आरंभ कसा करावा? रानांत जाण्याची घाई नको. वनक्षेत्रांत शिरण्यास परवानगी लागते, आणि पावसाळ्यांत सह्याद्रीचें धुकें अनुभवी माणसांसहि चकवितें. शाळेच्या पटांगणापासून आरंभ करावा. मुलांकडूनच त्याचा नकाशा काढवावा: विहीर, चिंचेचें झाड, घंटा, पायऱ्या. १०० मीटर अंतरास आपलीं किती पावलें पडतात हें प्रत्येकानें मोजून ठेवावें. नकाशा नेहमीं उत्तरेशीं जुळवून धरावा, भले अक्षरें उलटीं दिसोत. पुढें जुन्या पेठेंतील बोळ, मग गांवाबाहेरची टेकडी. एक सावधगिरी सांगतों. घड्याळाचा तासकांटा सूर्याकडे धरून दक्षिण शोधण्याची युक्ति विलायती पुस्तकांत असते. ती उत्तरेकडील थंड देशांची. आपल्याकडे मे ते जुलैच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेथें ती फसते. त्यापेक्षां ध्रुव बरा. पुण्यामुंबईकडे तो क्षितिजापासून सुमारें १८-१९ अंशच वर असतो, म्हणून फार उंच शोधूं नये. आणि एक गोष्ट आपणांस अनुकूल आहे. होकायंत्राची उत्तर व खरी उत्तर यांत या भागीं एका अंशाचाहि फरक पडत नाहीं.

पालकांस माझी विनंति इतकीच. पुढच्या एका रविवारीं जवळच्या बागेचा साधा नकाशा काढा, पांच ठिकाणीं रंगीत चिंध्या बांधा, आणि नकाशा मुलांच्या हातीं देऊन आपण फाटकापाशीं बसा. मूल चुकेल, थांबेल, नकाशा फिरवून पाहील. त्या वेळीं उठून वाट दाखविण्याचा मोह आपणांस होईल. तेवढा आवरावा. तें परत येईल तेव्हां कोणत्या वाटेनें आलें हें त्यास विचारावें, आणि त्यानें दिलेलें उत्तर पुरतें ऐकून घ्यावें.